‘आलो’, ‘गेलो’ आणि अक्काचं पुस्तक

रहिमतपूर,
गुरुवार, सकाळ

तीर्थरूप दाजींच्या चरणी जोतीरामचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण उजवा गुडघा तेवढा खाली जात नाही, आणि नसलेलं लिहायची सवय मला नोकरीतही नव्हती, ते काम वार्ताहरांचं.) इकडं सगळे खुशाल. तुमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं, आता काळा चष्मा लागलाय, हे कळून बरं वाटलं. पंधरा दिवस वाचन बंद, असं डॉक्टरांनी बजावलंय म्हणे. म्हणून हे पत्र मोठ्या अक्षरात लिहितोय, म्हणजे घरात कुणालाही वाचता येईल. फोनच केला असता, पण तुमच्याकडं माझा फोन हल्ली उचलला जातो आणि काही न बोलता ठेवला जातो. त्याबद्दल तक्रार नाही.

माझा वेळ बरा जातो. साताऱ्याच्या दैनिकात चौतीस वर्षं प्रुफं तपासली, त्यामुळं आता पेन्सिल नसली तरी डोळा थांबत नाही. स्टँडजवळ नव्या डेअरीनं पाटी लावलीय, ‘येथे ताजे दूध भेटेल’. मी दोनदा गेलो. भेटलं नाही, विकत मात्र मिळालं. वाचनालयातून एक भाषांतरित कादंबरी आणली, परदेशात तिची फार वाहवा झालीय. त्यात बाराव्या पानावर वाक्य आहे, ‘तिने आपले डोळे खिडकीबाहेर फेकले.’ पुढची चाळीस पानं मी ते डोळे कुणी उचलून आणले का, एवढंच शोधत वाचली. (तुमच्या ताज्या ऑपरेशनच्या संदर्भात हे लिहायला नको होतं. क्षमा असावी.)

मग सून अंकितानं मोबाइलवर एक नवी मालिका लावून दिली. आपल्याकडच्या गावातली गोष्ट आहे. लिहिणारा आपल्याकडचा नसावा, कारण त्यानं ‘रं’ मिठासारखा दिसेल तिथं भुरभुरलाय. मालिकेतली सून सासऱ्याला म्हणते, ‘चहा घ्या रं.’ आपल्याकडं सून सासऱ्याला असं म्हणाली, तर तो चहा बशीतच गार होईल. कराडच्या पुलावर उभा राहून एक फौजदार स्वतःच्या आईला ‘गड्या’ म्हणतो. हेही मी सोडून दिलं. पण सातव्या भागात बनाबाई नावाची म्हातारी येते, जन्मभर मेंढरं राखलेली. ती माळावर टेकते आणि म्हणते, ‘मी अत्यंत थकले आहे, आता थोडी विश्रांती घेते.’ दाजी, खोटं सांगत नाही, मागचं एक मेंढरू मान वर करून बघायला लागलं. मी मोठ्यानं हसलो. अंकिता भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “आवं मामा, हसताय काय? आत्यांच्या पुस्तकात तुमी त्येच केलंय की.”

तर ते पुस्तक. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण मला रीतसर लिहायची सवय आहे. तुम्ही पलटणीत असताना माझ्या बहिणीनं आष्ट्यात एकटीनं ऊस आणि दोन म्हशी सांभाळल्या. त्या वीस वर्षांचं तिनं वहीत लिहिलं, नाव दिलं ‘मुक्काम सासर, पोस्ट आष्टा’, आणि घरचा माणूस म्हणून प्रुफं माझ्याकडं पाठवली. अक्का बोलते तसंच लिहिते. तुमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो, मी भाकरी करतो’ असंच बोलतात. ऐकताना मला ते कधी खटकलं नाही. छापलेलं दिसलं की मात्र हात आपोआप चालतो. दोनशे सोळा ठिकाणी मी ‘आलो’चं ‘आले’ आणि ‘करतो’चं ‘करते’ केलं, आणि समाधानानं चहा प्यालो.

त्यातली एक जागा चौथ्या प्रकरणात होती. तुमच्या बराकीतला तो वर्ध्याकडचा हवालदार अक्काची पत्रं तुमच्या खांद्यावरून वाचायचा. एका पत्रात होतं, ‘मी तुमची वाट बघतो. रोज दिवेलागणीला फाट्यापर्यंत जाऊन येतो.’ त्यानं तुमच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, “लालासाहेब, असा भाऊ नशिबानं मिळतो!” आणि मग सगळी बराक सहा महिने तुम्हाला ‘भावाचं पत्र आलं का’ म्हणून विचारत राहिली. आता छापील पुस्तकात अक्का ‘वाट बघते’ असं लिहिते, आणि तरी हवालदार तिला भाऊ समजतो. वाचणाऱ्याला वाटावं, मोतीबिंदू त्यालाच झाला होता.

पुस्तकं छापून आली त्या दिवशी अक्काचा शेवटचा फोन आला. “जोत्या, ह्या पुस्तकातली बाई कोण रं?” म्हटलं, तूच की अक्का. “मी जल्मात कवा ‘गेले’ म्हणालो? पानोपानी आपलं मी गेले, मी गेले! गेले म्हंजे मेले का काय मी?” मी व्याकरणाचा नियम सांगायला लागलो. (हे करायला नको होतं.) त्याला आता तीन आठवडे झाले. रविवारी तिथल्या वाचनालयात प्रकाशन ठरलंय, आणि अक्का गठ्ठे उघडायला तयार नाही असं कळतं. ‘दुसऱ्या बाईच्या पुस्तकाला हार घालून मी कशाला बसू?’ असं म्हणाली म्हणे.

नियम माझ्या बाजूनं आहे, हे मी आजही सांगेन. पण अंकिता बोलली त्या दुपारी मी अक्काची मूळ वही काढून मोठ्यानं वाचली. अक्का समोर बसून बोलत होती. मग छापील पान वाचलं. शाळा तपासायला आलेल्या बाई बोलत होत्या. त्यांनी म्हशीची धार काढलेली मला तरी पटली नाही.

बाकी ठीक. चष्मा उन्हात काढू नका. तुमच्या नातवाला, शंभूराजला आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
जोतीराम

ता. क. सोबतच्या पुडक्यात पाचशे चिठ्ठ्या आहेत. मजकूर असा: ‘शुद्धिपत्रक. या पुस्तकात लेखिका जिथे जिथे आले, गेले, बघते असे म्हणते, तिथे तिथे वाचकांनी आलो, गेलो, बघतो असे वाचावे. दोष मुद्रितशोधकाचा.’ बरोबर शब्दांचं शुद्धिपत्रक मी आयुष्यात पहिल्यांदा काढलं. शनिवारी सकाळच्या एसटीनं डिंकाची बाटली घेऊन येतो. दार उघडलं गेलं, तर प्रत्येक प्रतीत पहिल्या पानावर माझ्या हातानं चिकटवीन. तेवढं अक्काला विचारून ठेवा.

आणखी एक. दाजी, वाचन तुम्हाला बंद आहे, तेव्हा हे पत्र तुम्हाला वाचून कोण दाखवतंय, ते मला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. तिला म्हणावं, खालची ओळ मनात वाचू नकोस, मोठ्यानं वाच. ओळ माझी आहे, पण तिच्या तोंडीही बरोबर बसेल. एक अक्षर बदलावं लागणार नाही.

मी चुकलो.