एडिटर हँग झाला तेव्हा

मंगळवार, कुरुंदा

सहाला हळदीचा रोग ओळखणारं ॲप कंपनीला दाखवायचं. जमलं तरच नोकरी पक्की. आणि पाचला कोड लिहायचा एडिटरच हँग! प्रोसेसर शंभर टक्के, लॅपटॉपचा पंखा घरघरतोय. एडिटरला जोडलेली जास्तीची एक्स्टेन्शन्स बंद केली, तरी पंखा तसाच. बाबा डोकावले, "काहून, काय झालं?"

"तुमी मधी बोलू नका!" मी खेकसले. ते बाहेर गेले.

मग दिसलं. ॲपला रोग शिकवायला बाबांनी शेतात काढलेले पानांचे हजारो फोटो मीच कोडच्या फोल्डरमध्ये टाकले होते. त्यातला एखादा बदलतोय का, म्हणून एडिटर त्या सगळ्यांवर नजर ठेवत बसला होता. फोटो दुसरीकडे हलवले, पंखा शांत झाला. सहाला कंपनीसमोर ॲप चाललं. नोकरी पक्की!

पण बाबांवर का ओरडले मी? दार उघडलं तर ते उंबऱ्याशीच.

"बाबा, चुकलं माझं."

"न्हाई गं. हाक मारशील म्हणून हितंच बसून राहिलो."