आधी उतारू उतरू देत

दि. ४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. लेकीचं घर सहाव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती चालवणारा कोणी दिसत नाही, म्हणून मी जिनाच चढतो. जावई हसतात. हसू देत.

तुला ठाऊकच आहे, लेक पुढच्या महिन्यापासून पुन्हा प्रयोगशाळेत कामाला जाणार. दुपारी नातीला बसने पोहण्याच्या वर्गाला नेऊन परत आणणं मला जमलं, तर मी कायमचा इथे राहायचं. नाही जमलं, तर लेक बाई ठेवणार आणि माझी रवानगी तुझ्याकडे. ताई, रागावू नकोस, पण मला राहायचंय गं. नात बोट धरते तेव्हा आपण अजून कामाचे आहोत असं वाटतं.

परवा पहिली परीक्षा झाली आणि मी सपशेल आपटलो. बस घराखालूनच सुटते, त्यामुळे चालकाच्या मागची जागा मिळाली. गडी क्लच असा दाबत होता की माझाच पाय दुखायला लागला. तलावाचा थांबा आला. नात बाही ओढून सांगायला लागली की उतरायचंय. मी तिला समजावलं की आधी उतारू उतरू देत. उतारू उतरले, बस निघाली, आणि मी आपला बसलेलाच! सगळी नोकरी स्टिअरिंगमागे गेली, गाडी रिकामी झाल्याशिवाय कधी उठलो नाही. थेट आगारात पोचलो. तिथल्या चालकांनी चहा पाजला, नातीला स्टिअरिंगवर बसवलं. ती खूश, पण वर्ग बुडाला. काल पुन्हा तेच. लेक ओरडली असती तर बरं झालं असतं, तिने नुसता पिशवीतला कोरडा टॉवेल काढून ठेवला.

महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. काहीतरी सुचव.

तुझ्या आशीर्वादावरच भिस्त असलेला,
बंड्या


दि. १९ मे

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की शिवणयंत्राची सुई मोडली. साठी उलटली, नातवंड झालं, तरी तू आहेस तस्साच. लहानपणी जेवायलाही सगळ्यांना वाट देऊन शेवटी बसायचास आणि मग भाजी संपली म्हणून रडायचास.

इकडे सगळं ठीक. पत्त्यांना भिडू नाही, म्हणून मीच दोन्ही बाजूंनी खेळते. तरी हरते.

आता ऐक. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तेव्हा खोड सोडायच्या नादी लागू नकोस, तलाव बदल. एवढ्या मोठ्या शहरात आगाराजवळ एखादा तलाव नसेल? शेवटच्या थांब्यावर झक मारत उतरावंच लागतं. आणि येताना तर तुमचं घर हाच शेवटचा थांबा. आत्याने सुचवलंय असं सांग, म्हणजे लेक ऐकेल.

तब्येतीला जप, नातीला गोड पापा.

तुझी,
ताई


दि. ३० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो! आगारामागच्या गल्लीतच तलाव निघाला, त्या चहावाल्या चालकांनीच दाखवला. शिकवणाऱ्या बाई धिप्पाड आहेत, शिट्टी फुंकली की मीसुद्धा ताठ उभा राहतो. काल नातीने पहिल्यांदा काठ सोडला.

लेक चोरून मागच्या बाकावर बसून आली होती. सगळे उतरल्यावर आम्ही बापलेक एकमेकांना आधी उतर म्हणत राहिलो, शेवटी चालकच वैतागला. घरी आल्यावर तिने कपाटातला एक खण रिकामा करून दिला. मी लगेच माझे सदरे त्यात रचले.

तुझं उत्तर मात्र फार उशिरा आलं. तोवर जीव टांगणीला होता.

तुझ्या मायेचा कायमचा ऋणी,
बंड्या


दि. ६ जून

चि. बंड्यास,
अ. उ. आ.

पोरीने काठ सोडला, हे मी आळीभर सांगून आले.

उशिराचं म्हणशील तर टपालाचा काही दोष नाही. युक्ती मला तुझं पत्र वाचतानाच सुचली होती. ती लागू पडली तर तू परत येणार नाहीस, हेही तेव्हाच कळलं. पाकीट दोनदा टपालपेटीपर्यंत नेलं आणि घरी परत आणलं. मग स्वतःचीच लाज वाटली, पत्रावर नवी तारीख घातली आणि पेटीत टाकलं.

वाईट वाटून घेऊ नकोस, मला आनंदच आहे. फक्त सवय जात नाही. संध्याकाळी अजूनही दोन कप चहा टाकते आणि दोन्ही मीच पिते. मग झोप येत नाही. अशा जागरणात नातीला पोहून आल्यावर घालायला टॉवेलचा झगा शिवलाय, तो सोबत पाठवते. बाह्या मुद्दाम लांब ठेवून आत दुमडल्यात. पोरगी वाढेल, तशा तू सोडत जा.

माया आहे तशीच आहे, तुझीही राहू दे.

तुझी,
ताई