डबीवरची देसी मोंगरी

मंगळवार, ९ सप्टेंबर

दोन वर्षं पाण्यात गेली माझी. देसी मोंगरी अन् थाई मांगूर, दोन्ही माशांच्या जीनोममध्ये एक जुना रेट्रोव्हायरस नेमका एकाच जागी सापडला होता. असा व्हायरस डीएनएत कुठंही घुसतो, दोघांत एकाच जागी योगायोगानं येत नाही; म्हणजे तो दोघांच्या पूर्वजातच शिरला असणार, असं मी साऱ्या लॅबले छाती फुगवून सांगत फिरली. आज तपासणीत निघालं, माझी देसी मोंगरी देसी नाहीच. थाईचा संकर आहे. मग व्हायरस त्याच जागी सापडणार नाही तर काय!

मासा आधीच काहून तपासला नाही मी? 'देसी आहे काय?' विचारलं, बाजारातली मासेवाली 'हव' म्हणाली अन् मी नमुन्याच्या डबीवर 'देसी' लिहून मोकळी झाली.

संध्याकाळी तिच्याकडे गेली, भांडायलेच. तिनं मासा कापता कापता मानही वर केली नाही. "देसी तो बरसों से नहीं आई, दीदी. आप मांगती थीं, तो मैं हव बोल देती थी."

भांडण तिथंच संपलं. खरी देसी हाती आल्याशिवाय माझा प्रश्न सुटत नाही, अन् ती आता कोणाले दिसतही नाही. तरी मले राहवलं नाही. विचारलं, एक तरी खरी देसी आणून देशील काय?

"हव," म्हणाली.