पॅपॉने वाचलेली पत्रं

लॉरेल फोर्क, केंटकी
मंगळवार, २४ फेब्रुवारी १९८७

लाडक्या नातवाला, वेंडलला, मॅमॉ आजीचे गालभर पापे.

माझा गुडघा कुरकुरतोय, जीभ ठणठणीत आहे. मांजरीला चार पिल्लं झाली, चारही आळशी. सिनसिनाटीत बर्फ वितळला का ते कळव.

हे पत्र शेजारची लोरीन लिहून घेतेय. मागच्या महिन्यात औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाच म्हटलं, तर हिला चष्मा सापडत नव्हता. आज मात्र कागद-पेन आणि सफरचंदाचा केक घेऊन आपणहून हजर! तुझ्या कॉलेजकडून आलेला कागद तिने माझ्या टेबलावर पाहिलाय. पॅपॉच्या, म्हणजे माझ्या म्हाताऱ्याच्या नावावर असलेल्या, कॉलेजच्या बास्केटबॉल सामन्यांच्या दोन राखीव खुर्च्या आता तुझ्या सहीवर टिकणार, कारण त्या कॉलेजात शिकलेला आपल्या घरात तूच एकटा. पंधरा मार्चपर्यंत सही पोचली नाही तर खुर्च्या दुसऱ्याला जातील. लोरीनला पॅपॉच्या जागी बसायचंय.

"अगं, मी असं कधी म्हटलं?" म्हणतेय. म्हटलं नाहीस बाई, पण केकात साखर दुप्पट आहे. लिही, हेही लिही. टपालात पडण्याआधी पोस्टातल्या मिसेस टॅकेट हे पत्र मला मोठ्याने वाचून दाखवणार आहेत, तेव्हा गाळागाळ चालणार नाही.

तर वेंडल, ऑक्टोबरात पॅपॉला पुरून आल्यावर चर्चमधल्या जेवणात लोरीनच्या नवऱ्याने तुला विचारलं, "काय मग, यंदा आपल्या संघाची पोरं कुठवर जातील?" आणि तू बटाट्याचं सॅलड वाढून घेत म्हणालास, "कुठली पोरं?" अरे, शवपेटीपाशीसुद्धा एवढी शांतता नव्हती. गाव अजून तेच चघळतंय. "चार वर्षं तिथे शिकला आणि संघासाठी एक टाळी नाही. काहीतरी भानगड करून बसला असणार." संशय मलाही आला, खोटं कशाला बोलू? कारण तुझी पहिल्या वर्षाची पत्रं मला पाठ होती, आणि त्यांत बास्केटबॉलशिवाय दुसरं काही नव्हतं.

म्हणजे, पॅपॉ वाचायचा त्यात नव्हतं. शेगडीजवळ बसून, हातवारे करून वाचायचा. "मॅमॉ, शेवटच्या चार सेकंदांत बास्केट! छप्पर उडायचं तेवढं राहिलं!"

मला अक्षर येत नाही, पण डोळे आहेत. अर्धं पान कोरं असायचं आणि वाचन पाव तास चालायचं. शिवाय संघ हरला की त्या आठवड्यात तुझं पत्र यायचंच नाही. सामन्यांच्या बातम्यांचा पेपर मात्र रोज यायचा.

मी विचारलं नाही.

थांब लोरीन, पाणी पिऊ दे.

का विचारलं नाही, तेही सांगते. तू तिथे शिकत होतास म्हणून आम्हाला त्या खुर्च्या मिळाल्या. घरात "मीठ दे" यापलीकडे न बोलणारा माणूस तिथे दोन-दोन तास माझ्या कानाशी बडबडायचा. कोण चुकला, कुणी ढकललं, पंच कसा आंधळा. पंधरा हिवाळे. मला ते आवडायचं रे. चेंडू कुठे जातोय याच्याशी मला काडीचं देणंघेणं नव्हतं.

गेल्या आठवड्यात तुझी ती पत्रं टॅकेटबाईंकडे नेली. लोरीनकडे नेली नाहीत, हिने त्यांत आणखी दोन बास्केट टाकल्या असत्या. बाईंनी सगळी वाचली. सामन्याचा उल्लेख फक्त एकदा आहे: सगळी मुलं सामन्याला गेली की तू जेवणघरात एकटा जेवतोस. तू तोंड उघडलंस की ती आपल्या डोंगरी बोलीची नक्कल करतात, हेही कळलं. आणि नोव्हेंबरातल्या पत्रात तू लिहिलंयस, "मॅमॉ, मी घरी येऊ का? तू म्हणशील तसं करतो."

बाई तिथे थांबल्या. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं.

माझ्या नावाने पॅपॉच्या हातचं काहीतरी उत्तर तुला गेलंच असणार. काय गेलं ते मला माहीत नाही, पण तुला माहीत आहे. त्यानंतरच्या एकाही पत्रात तू मला काही विचारलेलं नाहीस, हेही टॅकेटबाईंनीच सांगितलं. पॅपॉशी भांडावं तर तो हाताशी नाही. आणि भांडले असते तरी कुठल्या तोंडाने? शंका येऊन गप्प बसलेली मीच होते.

कॉलेजचा कागद सोबत घातलाय. सही करायची तर कर, फाडायचा तर फाड. शनिवारी सामन्याला न जाता घरात बसायला मला येतं. आणि कॉलेजशी निष्ठा म्हणजे काय ते तुला शिकवायला कुणी आलं, तर त्याला माझ्याकडे पाठवून दे.

लोरीन नाक पुसतेय. सर्दी आहे म्हणते.

पंधरा वर्षांपूर्वी घरी येऊ का म्हणून तू मला विचारलं होतंस, पण ते माझ्यापर्यंत पोचलंच नाही. आता पोचलंय, तर हे माझं उत्तर: ये. परीक्षा राहू दे, ट्रंक राहू दे, पहिली बस मिळेल तिने ये.

तेव्हाही हेच म्हणाली असती ती,
तुझी मॅमॉ