अण्णाच्या खुणेवर माझा खडू

१० फेब्रु., मंगळ.
काशिनाथ हरसूलहून त्याचा फोर-व्हील ट्रक घेऊन आला. लष्कराच्या लिलावातला, चारही चाकांना ताकद जाणारा, हट्टी म्हातारा. पुढचं डावं चाक घोंघावतंय. "दादा, घाटात लय आवाज करतो." सोमवारपासून पाड्यावरची माणसं द्राक्षांच्या कामाला पिंपळगावला न्यायचीत त्याला. म्हटलं, रविवारी संध्याकाळी घेऊन जा.

अण्णा घरून मुद्दाम आला. माझा थोरला भाऊ, त्र्याहत्तर पूर्ण. जॅकवर चाक फिरवलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकाच्या मधल्या हबला, मूठ कानाला. "बेरिंग गेलं. आतलं, बाहेरचं, दोन्ही टाक." मी कान लावला तर नुसती घरघर. दहा वर्षांनी लहान मी, आणि बहिरा मीच! हात मात्र थरथरतात त्याचे. कपबशी हातात घेतली की वाजते. बघवत नाही.

११ फेब्रु., बुध.
बेरिंगं आणायला नाशकातच, द्वारका चौकात. नानांचं (वडिलांचं) गॅरेज होतं त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात आता. उगाच उभा राहिलो. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "कुठलं मॉडेल, काका?" काय सांगणार! निघालो.

दुपारी जुनी बेरिंगं काढली, त्यांच्या पोलादी वाट्या ठोकून बाहेर. नव्या बसवल्या. अण्णाने तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेरिंग त्यात दाबत बसला, ग्रीस दुसऱ्या बाजूने डोकं काढेपर्यंत. मी सातवीत होतो तेव्हा असंच शिकवलं होतं त्याने. घरी गेलो की आई दारातच थांबवायची. आधी रॉकेलने हात, मग राखेने, मग साबणाने, मगच ताट. त्या हातांनी खाल्लेल्या बाजरीच्या भाकरीला रॉकेलचा वास यायचा. ती चव अजून आठवते, आणि खरं सांगायचं तर हवीशी वाटते.

१२ फेब्रु., गुरु.
आसावर दोन नट; बेरिंग दाबणारा आतला नट अण्णाने कसला. आधी पूर्ण घट्ट, मग किंचित मागे. नटावर आणि आसावर मिळून खडूची रेघ ओढली. नानांपासूनचा नियम: खूण ज्याची, नट त्याचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही. नाना असते तर हात लावणाऱ्याला पान्हा फेकून मारला असता.

अण्णा जेवायला गेला. मी सहज हब हलवून पाहिला. जरासा खडखडला. ढील वाटला. डोळ्यांपुढे ती वाजणारी कपबशी. पान्हा घेतला, नट थोडा आवळला. त्याची खूण पुसली, नव्या जागी तशीच रेघ ओढली. त्याची रेघ जरा वाकडी येते हल्ली. मीही वाकडी ओढली. केवढी अक्कल!

अण्णा परत आला, खूण पाहिली, वरून बाहेरचा नट कसला. खूण जागेवर असताना विचारणार तरी काय?

१३ फेब्रु., शुक्र.
त्र्यंबक रस्त्याला ट्रायल. अण्णा शेजारी, स्वारी खुशीत. पूर्वी ट्रायलच्या नावाखाली गाडी पार हरसूलच्या घाटापर्यंत न्यायचो आम्ही. करवंदं खायची, जिभा काळ्या करून परत यायचं, आणि नानांना सांगायचं, गाडी गरम होत होती. तो हे सांगता सांगता हसत होता. इतका मोकळा हसलेला किती दिवसांनी पाहिला.

महिरावणीच्या अलीकडे थांबलो. अण्णाने उतरून हबवर तळहात ठेवला, झटक्यात काढला. चटका. जळक्या ग्रीसचा वास.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. बाहेरचा नट कसला की आतला आणखी दाबला जातो. म्हणून अण्णा मुद्दाम तेवढा ढील ठेवतो. हे मला त्यानेच शिकवलंय, शंभरदा! चाक बघायचं सोडून मी त्याचे हात बघत होतो. तो ढील मी आधीच खाऊन टाकला होता.

हळूहळू परत आणली गाडी. उघडली. बेरिंगचे रोलर तापून निळे पडलेले. अण्णाने खूण पाहिली. "माझीच आहे रेघ. हात गेला रे माझा."

मी ते निळे रोलर चिंधीत गुंडाळत राहिलो. लाज वाटते लिहितानाही.

१४ फेब्रु., शनि.
अण्णा आला नाही. नवी बेरिंगं आणली, बसवली. आतला नट कसायचा ठेवला आणि सांगून टाकायचं ठरवून त्याच्या घरी गेलो.

वहिनी दारातच. हळू आवाजात: "भाऊजी, समजूत काढायला आला असाल तर नका काढू. वर्षभर सांगतेय, ट्रकखाली जाऊ नका. आता आपणहून थांबलेत. पाया पडते तुमच्या."

आत अण्णा. चटका बसलेल्या हाताला तूप. "काशिनाथला फोन केला. सांगितलं, चूक माझी. माणसं बसणार होती रे त्यात." मग, "तू हब हलवून बघितला असतास तर ढील नाही हे तुला कळलं असतं."

मी म्हणालो, चहा घेईन अर्धा कप.

१५ फेब्रु., रवि.
सकाळपासून दुकानात एकटा. काशिनाथ चारला येतोय. नट मी कसू शकतो, जन्मभर तेच केलंय. हात लावावासा वाटत नाही.

वहिनीचं काही खोटं नाही. हात थरथरतात. उद्या खरंच चुकला तर? पण नटावर त्याचा हात थरथरत नाही, मंगळवारपासून बघतोय मी. आणि ज्या चुकीपायी तो घरी बसलाय ती त्याची नाहीच. पन्नास वर्षं हेच काम केलेला कारागीर माझ्यापायी स्वतःच्या हातांकडे बघत बसलाय.

सव्वादोन झाले. त्याच्याकडे जायला पंधरा मिनिटं.

"अण्णा, तुझा हात बरोबर होता." एवढंच म्हणायचंय. ऐकायला कोणी नाही, म्हणून मोठ्याने म्हणून पाहिलं. आतला नट त्याच्यासाठी तसाच ठेवून निघतो.