वाकड्या दाताचा नर

३ जून, मंगळवार

गाढव! लिहून टाकलं. आता जरा बरं वाटतंय.

आमच्या वनखात्याच्या साहेबांनी आज सही केली — माझ्या घरामागच्या उतारावरची बत्तीसच्या बत्तीस फरची झाडं तोडायची. का, तर झाडाचा जीव घेणारा, खोड पोखरणारा जीवघेणा भुंगेरा निघाला म्हणे. शुक्रवारी, तेरा तारखेला, माणसं येणार.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ह्यांनी लावलेली झाडं. रोपं टोपलीतून मी वाहिली होती. हे गेले, झाडं तेवढी उरली.

"साहेब, नीट बघितलंत ना?" म्हटलं.

"मावशी, तुम्ही फरशी पुसा."

फरशी पुसा! अकरा वर्षं सापळ्यातले भुंगेरे कोण निवडतंय ह्या कचेरीत? धान्यातले खडे निवडावेत तसे, एकेक, चिमट्यानं!

४ जून, बुधवार

साहेब जेवायला गेले आणि मी त्यांची ती माझ्या झाडांच्या नमुन्याची बाटली भिंगाखाली ओतली. तिळाएवढे सतरा भुंगेरे. सतराच्या सतरा बाया!

बाईच्या कपाळावर सोनेरी झिपऱ्या असतात. जीवघेणी जात काय नि फांद्या खाणारी बारकी जात काय, दोन्ही जातींच्या बाया जुळ्या बहिणी. मला नाही ओळखू येत, तर साहेबांना काय येणार! जात कळते ती गड्यावरून, आणि तीही त्याच्या ढुंगणावरून. तिथे दात असतात. जीवघेण्याचा दात आकड्यासारखा वाकडा, बारक्याचा सरळ. आधीच्या साहेबांनी शिकवलं होतं. देवमाणूस.

ह्या साहेबांनी नुसत्या बाया बघितल्या नि निकाल दिला. बाया बघण्यात हुशारच आहेत म्हणा.

५ जून, गुरुवार

सांगून टाकलं. सगळ्यांसमोर.

"साहेब, बाटलीत एकही गडी नाही. गड्याचं ढुंगण बघितल्याशिवाय जात कशी ठरवलीत?"

साहेब लालबुंद. "शाळा किती झालीय तुमची?"

"सातवी. भुंगेऱ्याचं ढुंगण आठवीत होतं का?"

कारकून चहा पिता पिता ठसकला. साहेब ओरडले, "पुरावा आणा, नाहीतर तोंड बंद ठेवा!"

६ जून

आणतेच.

८ जून, रविवार

सुनेनं शिडी धरली. मी वर चढून सुकलेल्या फांद्या तोडल्या.

"आई, उतरा खाली! पडलात तर ह्यांना काय सांगू?"

"सांग, तुझे सासरे वर एकटेच होते, त्यांनी हाक मारली."

रडकुंडीला आली बिचारी. पण फांद्यांच्या सालीखाली नऊ गडी सापडले. नऊही सरळ दाताचे!

९ जून, सोमवार

साहेबांनी भिंगातून बघितलं. बराच वेळ. मग म्हणाले, "हं."

हं! माफी नाही, काही नाही. तोडणी थांबवली, पण कागदावर काय लिहिलं? 'मावशींच्या तपासणीवरून.' म्हणजे उद्या डोंगर वाळला तर खापर माझ्या डोक्यावर. लबाड मेला!

११ जून, बुधवार

ऊन खायला झाडाला टेकून बसले होते. उठले तर सून म्हणाली, "आई, पाठीला काय लागलंय?"

तांबूस भुसा. खोडातून गळालेला.

बारका खोडाला तोंड लावत नाही. तो फांद्यांचा. मग हा भुसा कुणाचा? मी फांद्याच बघितल्या. साहेबांना हसले आणि खोडाची साल मीही सोलली नाही! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटतेय.

१२ जून, गुरुवार

चार खोडं सोलली. अकरा गडी. अकराही वाकड्या दाताचे. कुणालाच कळलं नसतं, मी गप्प बसले असते तर. पण वर अख्खा डोंगर फरचा आहे.

साहेबांना मीच फोन केला. म्हटलं, माणसं उद्याच पाठवा.

"बघा, माझंच बरोबर होतं ना!" म्हणाले.

नव्हतं! अजिबात नव्हतं!

सुनेला सांगितलं, कुऱ्हाडीला धार लाव. पहिला घाव मी घालणार.