कुमाचा शब्द

२४ जून

झालं! अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, संपला. जागायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून सकाळी उठून फोन उघडला. नावांवर नावं — माझं नाहीच. मला आशा नव्हती असं आईला सांगितलं. साफ खोटं. नेब्रास्काच्या त्या कॉलेजात चार वर्षं घासली ती काय हौस म्हणून?

आईनं मिरच्या भाजायला घेतल्या. "चार वर्षं पावात मांस घालून खाल्लंस, अंगावर काही दिसत नाही. आधी जेव, मग रड."

बाबांनी पाठीवर हात ठेवला आणि आलुबुखारांच्या बागेत निघून गेले.

२ जुलै

एजंट नेनादचा बेलग्रेडहून फोन. "युरोपात क्लब काय कमी आहेत? फोन चालू ठेव. आणि वुकाशिन, कुठं सही करू नकोस. तोंडीसुद्धा हो म्हणू नकोस."

कोण विचारतंय मला, हो म्हणायला!

११ जुलै

फोन नाही.

१७ जुलै

आला! जर्मनीतला क्लब. गाव लहान, पण पहिल्या विभागात खेळतात. त्यांच्या कोचनं माझ्या मॅचेस पाहिल्यात, त्यांना डावखुरा फॉरवर्डच हवाय. अजून एक पोलिश खेळाडू नजरेत आहे म्हणे. ऑगस्टच्या सुरुवातीला कळवतील. बाबांना सांगितलं. "जर्मनी," म्हणाले. एवढंच. मग म्हणे कुंपणाचा खांब हललाय, धर जरा.

२ ऑगस्ट

आज आमचा स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा सण, संत इलिया. स्लावाला कुणाला बोलवायचं नसतं, ज्याला यायचं तो येतो, आणि सगळं गाव येतं. घरच्या पुरुषांनी बसायचं नाही, दिवसभर उभं राहून पाहुण्यांना वाढायचं. पाद्र्याबरोबर बाबांनी आणि मी पाव फिरवला, वाइन ओतली, पावाला ओठ लावले. छान चाललं होतं.

मग कुम द्रागिशा, आमच्या गावच्या संघाचा कोच, उठला. हातात रकिया दारूचा ग्लास, मिशा पुसत. "घरधन्यांनो, ऐका! आपला वुकाशिन परदेश बघून आला. आता तो आपल्या गावासाठी खेळणार. माझ्या संघात! काय पोरा?"

माझ्या हातात कोकराच्या मांसाचं ताट. सगळी पंगत माझ्याकडे बघतेय. बाबा मान खाली घालून पाव चिरत होते.

कुम! आईबाबांच्या लग्नाला साक्षीदार म्हणून उभा राहिला, बाप्तिस्म्याला मला हातात धरलं, आणि तेवढ्यावर जन्माचं नातं, तो आमचा कुम, आम्ही त्याचे. सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं. कुमाला नाही. त्यातून स्वतःच्या घरच्या स्लावाला, भरल्या पंगतीत!

मी ताट ठेवलं. ग्लास उचलला. कुमाच्या गालाला तीनदा गाल लावला, झाला शब्द पक्का. टाळ्या.

३ ऑगस्ट

गाढव आहे मी. नेनादनं सांगितलं होतं.

५ ऑगस्ट

जर्मन लोक हो म्हणाले!! मी हवाय. पोलिश नको. शुक्रवारी निघायचं.

धावत बाबांकडे गेलो. ते शिडीवर होते, उतरले नाहीत. "तू ग्लास उचललास ना?"

"सही कुठं केलीय मी!"

"सगळ्यांसमोर उचललास."

"बाबा, तो दुसऱ्या विभागातला संघ आहे. निम्मे जण दिवसा टायरच्या कारखान्यात असतात!"

"मग काय झालं? माणसंच आहेत."

६ ऑगस्ट

बाबा बाजारात गेले तसं आईनं माझी बॅग पलंगावर टाकली. "भर. जा तू. मी बघते इथलं."

"आणि बाबा? कुमाला तोंड कसं दाखवतील?"

ती बसली. बराच वेळ माझा एकच मोजा घडी करत राहिली. शेवटी म्हणाली, "ते मात्र खरंय."

बाबांना दुसरा मित्र आहे कुठं? आजोबांचं प्रेत खांद्यावर घेतलं ते कुमानं. बाबांचं हॉस्पिटल झालं तेव्हा आमची सगळी बाग त्यानं झोडपली, वेचली. माझ्यामुळे ते नातं तुटलं तर बाबा खचतील. एवढं कळतं मला. कळतं म्हणून तर रडू येतं.

७ ऑगस्ट

नेनादला नाही म्हटलं. आधी शिव्या. मग थंडपणे — "तेविसाव्या वर्षी दुसऱ्या विभागात गेलेल्याला परत कुणी शोधत येत नाही. कुमाला माझा नमस्कार सांग."

बाबांच्या अब्रूसाठी केलं. स्वतःला हेच सांगतोय.

१५ सप्टेंबर

प्रॅक्टिस. हॉलच्या छतातून पाणी गळतं, एका कोपऱ्यात बादली, तिला वळसा घालून पळायचं. आणि माझ्या जागी खेळणारे आधीच दोघं! दोघंही बरे खेळतात. मग मी कशाला?

४ ऑक्टोबर

पहिली मॅच. बाकड्यावर.

११ ऑक्टोबर

बाकड्यावर. शेवटी एक मिनिट उतरवलं, चेंडूला हात लागला नाही. माझ्याऐवजी घेतलेल्या पोलिश खेळाडूनं जर्मनीत काय केलं ते नेटवर पाहिलं. बघायला नको होतं.

बाबा प्रत्येक मॅचला येतात. कोट घालून, पुढच्या रांगेत. मी बाकड्यावर, तरी हात हलवतात! मॅच संपली की बाहेर थांबतात, बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतात आणि चालताना खुशीत शीळ घालतात. पोरगा सडतोय आणि ह्यांना शीळ सुचते. एक दिवस मी तोंड सोडणार आहे.

२६ ऑक्टोबर

पुन्हा बाकडं. पायांत जोर आहे, हातांत आहे, आणि करायला काही नाही. कुम माझ्या नजरेला नजर देत नाही.

८ नोव्हेंबर

आज धरलाच त्याला, प्रॅक्टिसनंतर, हॉल रिकामा झाल्यावर. म्हटलं, कुम, खेळवायचं नव्हतं तर भरल्या पंगतीत मागितलंस कशाला? माझं जर्मनी गेलं!

तो बाकड्यावर बसला. खूप म्हातारा दिसला. "मला तुझी गरज नव्हती रे पोरा. माझे दोघं आहेत. स्लावाच्या आदल्या दिवशी तुझा बाप माझ्या दारात आला. म्हणाला, 'आता गेला तर परत येणार नाही. त्याला इथं अडकव, कसंही कर.' मी म्हटलं, पोराचं वाटोळं होईल. तर टोपी काढून उभा राहिला." मग म्हणाला, "तोही कुम आहे माझा. त्याला नाही कसं म्हणू?"

घरी आलो. बाबा दारातच होते. "उद्याची मॅच किती वाजता?"

"सहा," म्हटलं.